बाईंचे यजमान मी जिवंत केले तेव्हा

ये गं पोरी, अशी जवळ ये. मी हे कागदावर लिहिते आहे खरी, पण तू समोर पाटावर बसली आहेस असं धरल्याशिवाय माझा हात चालत नाही. तर बस, आणि आधी मला थोडं बोलून घेऊ दे. दिवाळीला येते म्हणालीस, आली नाहीस. आखाजीला साऱ्या गल्लीच्या लेकी माहेरी आल्या, झोके बांधले गेले, आणि तुझं आलं काय, तर कार्ड. कार्डाला मी सांजोरी वाढू का? वर त्यात लिहितेस की, आत्याआजी, मोठ्या साहेबांच्या वतीने वर्तमानपत्रवाल्यांशी बोलायचं काम मला मिळालं, आपल्या घरात हे काम करणारी मी पहिलीच.

पहिलीच म्हणे. तुझ्या आजोबांनी, म्हणजे माझ्या भावाने, तुला काही सांगितलेलं दिसत नाही. ते आता गेले, त्यांना काय बोलू. मीही कधी सांगितलं नाही, तेव्हा निम्मा दोष माझा. आता सांगते, नीट ऐक.

माझं माहेर पहूरचं, हे तुला ठाऊक आहे. वडलांचं किराणा दुकान. मला जळगावात दिली ती तेराव्या वर्षी, आणि पंधराव्या वर्षी मी परत आले. परत आले म्हणजे काय ते तुला कळतं. आमच्यात दुसरं लग्न करायची रीत नव्हती. मग दुकानाच्या मागच्या खोलीत बसून पुड्या बांधायचं काम माझ्याकडे आलं. पुड्यांना रद्दी लागायची, आणि त्या रद्दीवर मी वाचायला शिकले. शाळा अशी नाहीच. अडचण एवढीच की अर्धी बातमी माझ्या हातात असायची आणि उरलेली अर्धी कुणाच्या तरी धन्या-जिऱ्याबरोबर घरी गेलेली असायची. त्यामुळे पुढे काय झालं असेल ते मनानेच जुळवायची खोड लागली. ही खोड पुढे मला भोवली, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

पुढे भावाला धुळ्याच्या कचेरीत नोकरी लागली आणि त्याचा संसार सांभाळायला मी त्याच्याबरोबर गेले. स्वातंत्र्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. पांझरा नदीच्या अलीकडे एक बैठा बंगला होता. तिथे परदेशातली एक संस्था आली होती. बाळंतिणींची आणि तान्ह्या लेकरांची काळजी घ्यायची, एवढंच तिचं काम, पण ते कितीतरी देशांत चालायचं. त्या सगळ्या संस्थेच्या ज्या मुख्य बाई, त्या स्वतः धुळ्याला येऊन राहिल्या होत्या. जिथे काम नवं असेल तिथे आपण राहायचं, असा त्यांचा नेम होता. उंच, हाडकुळ्या, उन्हाने नाक सोललेलं. हिंदुस्तानी बोलायच्या, पण भाजीवालीला 'आप' म्हणायच्या आणि कलेक्टरला 'तुम'. कलेक्टर काय बोलणार.

शेजारच्या एका बाळंतिणीला ताप चढला म्हणून तिला घेऊन मी त्या बंगल्यावर गेले. तिथे बाईंच्या समोर तीन बाया एकदम बोलत होत्या आणि बाई तिघींकडे आळीपाळीने बघत होत्या. मला राहवलं नाही. मी एकीला गप्प बसवलं, दुसरीला बाजूला घेतलं आणि तिघींचं म्हणणं बाईंना चार वाक्यांत सांगितलं. बाईंनी मला विचारलं, तू उद्या सकाळी येशील का? मी गेले, ती पुढे बारा वर्षं जात राहिले.

आधी नुसती दुभाषी होते. मग धुळ्याच्या एका साप्ताहिकाचे संपादक, त्यांना सारं गाव नाना म्हणायचं, ते बाईंची मुलाखत घ्यायला आले. बाईंचं हिंदुस्तानी ऐकून ते इतके थकले की जाताना म्हणाले, ह्यापुढे ह्या अक्कांनाच पाठवत चला. तेव्हापासून संस्थेची बातमी द्यायची म्हणजे मी छापखान्यात जायचं. तुझ्यासारखं टेबल-खुर्ची नव्हती. मी दाराशी उभी राहून सांगायची, नाना लिहून घ्यायचे, आणि आत छपाईचे खिळे जुळवणारा ते लगेच जुळवायला घ्यायचा. त्याच्या हाताच्या वेगाने बोलायला मी शिकले. गावात मला 'बाईंचं तोंड' म्हणायचे. काही जणी चिडवायला म्हणायच्या, काही जणी कौतुकाने. मी दोन्हींना हसायची.

बाईंनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या होत्या. मी जे बोलले नाही ते माझ्या नावाने सांगायचं नाही. आणि विचारलेलं माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. ऐकायला किती सोपं वाटतं. पण आपल्याकडे दारी आलेल्या माणसाला माहीत नाही म्हणणं जिवावर येतं. रस्ता विचारला तरी आपण काहीतरी सांगतोच.

आता सोनगीरचं सांगते.

सोनगीर धुळ्याहून आग्रा रोडने पुढे. तांब्या-पितळेची भांडी घडवणारे तिथले. गावात शिरलं की ठोक्यांनी कान भरून जायचे. तिथल्या पाटलांच्या घरी एक सून होती. विशीची असेल. दोन लेकरं झाली आणि दोन्ही आठवड्याच्या आत गेली, कारण बाळंतपण व्हायचं ते गुरांच्या गोठ्यालगतच्या काळोख्या खोलीत, आणि नाळ कापायची ती हाताला लागेल त्या विळ्याने. आता तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. तिची सासू, पाटलीण अक्का, मोठी करारी बाई. पण नातवंडांच्या दुःखाने नमली होती. तिने बाईंना निरोप धाडला की वेशीजवळच्या आमच्या दोन खोल्या तुम्हाला देते, तिथे बाळंतघर करा, आणि पहिलं बाळंतपण माझ्या सुनेचं होऊ द्या.

बाईंना इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यांनी चहात साखर दोनदा घातली. आम्ही मोटारीने गेलो. नानाही आले, बातमी लिहायला. खोल्या सारवून तयार होत्या. पाटलीण अक्काने बाईंना पाटावर बसवलं आणि गावातल्या सवाशिणींनी त्यांची ओटी भरायला घेतली. खण, नारळ, मूठ-मूठ गहू. बाईंना कुणी काय करतंय ते कळेना, पण त्या लहान मुलीसारख्या पदर पसरल्यागत झगा धरून बसल्या होत्या. मी मागे, दाराच्या आड उभी होते. अशा वेळी माझी जागा तीच असायची, कुणी सांगावं लागत नव्हतं.

नाना बाहेरून माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, "अक्का, बाईंचे यजमान कुठे असतात?"

बाईंचे यजमान वारले होते. अकरा वर्षं झाली होती. बोटीवर तापाने गेले, असं बाईंनीच मला सांगितलं होतं. त्यांचा फोटो टेबलावर असायचा आणि मी तो रोज पुसायची. पण माझ्या डोळ्यांसमोर त्या बाईंच्या ओच्यात नारळ पडत होता. आणि समोर ती सून, पोट सावरत, कुंकवाचा करंडा घेऊन उभी होती. मी म्हटलं, "विलायतेत असतात. मोठ्या हुद्द्यावर आहेत."

बघ, कुणी मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. अर्धी पुडी हातात आली की उरलेली मनाने जुळवायची, तसं झालं. नानांनी लिहून घेतलं. सून करंडा घेऊन दाराबाहेर आली तेव्हा माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, बरं केलं आपण.

सोमवारी अंक आला. सोमवारी सकाळी बाईंना अंक वाचून दाखवायचा, हा रिवाज होता. मी वाचत होते, आणि सौभाग्यवती बाईसाहेबांची ओटी भरण्यात आली, त्यांचे यजमान विलायतेत मोठ्या हुद्द्यावर आहेत, ह्या ओळी आल्या तशी त्या गाळून खालच्या ओळीवर उडी मारली. बाईंना मराठी अक्षरं तोवर लागायला लागली होती, पण मी ते विसरले होते. त्यांनी बोट ठेवलं. अक्षर अक्षर जुळवत त्यांनी ती ओळ वाचली. मग फोटोकडे बघितलं. मग मला म्हणाल्या, "तू ह्यांना नोकरी लावलीस."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी सगळं सांगितलं. ओटी म्हणजे काय, ती कुणाची भरतात आणि कुणाची नाही, मी दाराआड का उभी होते, सगळं. त्यांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर गावोगाव फिरत होते आणि प्रत्येक वेळी मी मागे का जाते, ते त्यांना लाजाळूपणा वाटला होता. त्यांनी अंकाची घडी घातली. मग म्हणाल्या, पुढच्या अंकात दुरुस्ती छापून आली पाहिजे. आणि तो अंक सोनगीरला पोचायच्या आधी आपण दोघींनी तिथे जाऊन सांगायचं.

मी हात जोडले. म्हटलं, बाई, ती पोर. सासूने तिला पुन्हा त्या काळोख्या खोलीत नेलं तर तिसरंही जाईल. तिचं बाळंतपण होऊ द्या, मग सांगू. महिन्याभराचा तर प्रश्न आहे.

बाई म्हणाल्या, "मी त्यांना सांगणार आहे की पाणी उकळा, कात्री उकळा. ते त्यांनी माझ्या शब्दावर करायचं. ह्या महिन्यात त्यांना कुणीतरी सांगितलं की मी एक खोटं बोलले, तर मग उकळलेलं पाणीही खोटंच. नाही का?"

ह्याला तुझ्याकडे उत्तर असेल तर सांग.

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यात गेले. नाना मुद्रितं तपासत होते. मी सांगितलं तशी त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "अक्का, काल सोमवारी हुद्द्यावर होते आणि येत्या सोमवारी वारले?"

मी म्हटलं, "वारले अकरा वर्षांपूर्वी. मधे आठ दिवस मी उठवले होते."

खिळे जुळवणारा आत हसला तो मला ऐकू आला. नानाही हसले, पण मग त्यांनी जवळ बोलावून सांगितलं की असं करू, मुद्रणदोष म्हणून टाकतो, छापखान्यावर घेतो, तुमचं नाव कशाला. भला माणूस. मला ते इतकं गोड वाटलं की होकार ओठावर आला होता. पण बाईंचं ते बोट त्या ओळीवर ठेवलेलं आठवलं. मी म्हटलं, नाना, असं लिहा की बाईंच्या मदतनीस बाईने चुकीची माहिती दिली, आणि बाई विधवा आहेत. नानांनी ते दोनदा वाचून दाखवलं, मी दोनदा मान हलवली. जळगावच्या एका पत्राने नानांचीच बातमी उचलून छापली होती, म्हणून तिथेही जावं लागलं. चाळीसगावला गाडी बदलून दिवस मोडला. तिथल्या गृहस्थांनी दुरुस्ती कुठल्याशा कोपऱ्यात, तेलाच्या जाहिरातीखाली घातली. घातली हे काय कमी.

मग सोनगीर. पाटलांच्या अंगणात बाया जमल्या. बाई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तू बोल. मी आजवर बाईंच्या वतीने कितीदा बोलले असेन, पण स्वतःच्या वतीने बोलायची ती पहिली वेळ. मी सांगितलं. यजमान नाहीत. मला माहीत होतं. मी खोटं बोलले. बाईंना ओटीची रीत ठाऊक नव्हती, त्यांचा दोष नाही. एवढं बोलून मी थांबले. बाईंनी पिशवीतून तो खण काढला, घडी करून आणलेला, आणि पाटलीण अक्कापुढे धरला.

पाटलीण अक्का खणाला शिवली नाही. तिने सुनेचा दंड धरला आणि तिला आपल्या मागे ओढलं. बायांमध्ये कुजबुज झाली. एक म्हणाली, दोन लेकरं गेली ती अशीच गेली नाहीत, ह्या घराला आता आणखी काय बघायचंय. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती बोलणार कशी. मी जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, मी ह्या पोरीचं लेकरू घालवलं.

तेवढ्यात ओट्याच्या पायरीवर मिश्री लावत बसलेली म्हातारी थुंकून तोंड पुसत उठली. ती गावची सुईण. आमच्यावर तिचा राग होता, कारण बाळंतघर झालं की तिचं काम जाणार असं तिला वाटायचं. म्हणून मला वाटलं, आता ही घाव घालणार.

ती पाटलीण अक्काला म्हणाली, "मन्हा धनी जाईसन तीस वरीस व्हयनात. ह्या गल्लीना बठ्ठा पोरे मन्हा हातवर उनात. तुन्हा पोऱ्या बी. तवय कोन्ही इचारं नही, आते काबर इचारतस?"

तिचा धनी जाऊन तीस वर्षं झाली होती, आणि सगळ्या गल्लीची पोरं तिच्याच हातावर जन्मली होती, पाटलीण अक्काचा मुलगासुद्धा. तेव्हा कुणी विचारलं नाही, मग आता का विचारता, असं ती म्हणत होती. हे साऱ्या गावाला माहीत होतं. पण ते कुणी असं शेजारी शेजारी ठेवून बघितलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मी तर स्वतः तशीच.

पाटलीण अक्का म्हणाली, सुईणीची गोष्ट वेगळी आहे.

"का?" म्हातारी म्हणाली. "मन्हा हात लाकूडना शेतस का?"

लाकडाचे हात म्हटल्यावर कुणीतरी खुदकन हसलं. मग दोघी-तिघी. पाटलीण अक्का हसली नाही. ती सुनेला घेऊन आत गेली आणि दार लोटून घेतलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आम्ही खण तसाच पिशवीत घालून परत आलो. वाटेत बाईंनी मला एवढंच विचारलं की ती म्हातारी काय म्हणाली. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, आपण तिलाच पहिल्यांदा भेटायला हवं होतं. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी म्हातारीला निरोप पाठवला की बाळंतघरात तुम्ही माझ्याबरोबर काम कराल का.

पुढचे पंधरा-सोळा दिवस कसे गेले ते मला विचारू नको. मी भाकरी करपवायची आणि तुझे आजोबा न बोलता खायचे. सोनगीरहून काही कळत नव्हतं. दुरुस्ती छापून आली, बाजारच्या दिवशी गावात मोठ्याने वाचली गेली, एवढं कानावर आलं. बाई मात्र रोज मोटारीने सोनगीरला जायच्या, त्या रिकाम्या खोल्यांत बसून कात्र्या उकळायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या.

एका दुपारी मीही बरोबर होते. ऊन तापलेलं. म्हातारी आणि बाई जुनी लुगडी फाडून घड्या घालत होत्या. बाहेर बैलगाडी थांबली. पाटलीण अक्का उतरली, आणि तिच्या खांद्यावर भार टाकून सून. कळा सुरू झाल्या होत्या. पाटलीण अक्काने बाईंकडे बघितलं नाही, माझ्याकडे तर नाहीच. ती म्हातारीला म्हणाली, "पोरनी रडी रडीसन जीव खादा मन्हा. म्हनीसन उनू."

सुनेने रडून रडून जीव खाल्ला, म्हणून आले. तिथवर सून सासूपुढे तोंड उघडत नव्हती, ती निदान रडली तरी. मला नंतर कळलं की तिने दोन दिवस जेवणच सोडलं होतं. तिचं ती लढली गं. आम्ही बाहेरच्या बाया, आमचं काय.

मी दाराबाहेर थांबले. पाणी तापवून देत होते. चार वाजायच्या सुमाराला लेकराचा आवाज आला, बारीक, मांजरीच्या पिल्लासारखा. मुलगी होती. म्हातारीने बाहेर येऊन सांगितलं तशी पाटलीण अक्का भिंतीला टेकून खाली बसली. मुलगी म्हणून तिने तोंड वाकडं केलं नाही. ती आठव्या दिवसाची वाट बघत होती. आठवा दिवस गेला, बारावा गेला, आणि मुलगी तशीच मुठी आवळून रडत राहिली. मग तिने गूळ वाटला.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नको. तांबट आळीतल्या काही बायांनी वर्षभर त्या खोल्यांकडे पाऊल टाकलं नाही. पाटलीण अक्का माझ्याशी सरळ बोलायला दोन उन्हाळे गेले. आणि खरं सांगू, तिच्या जागी मी असते तर मीही एवढंच केलं असतं. जिला दोन तान्ही नातवंडं मडक्यात घालून नदीवर पोचवावी लागली, तिने गाडी जुंपली हेच मला फार वाटतं. तिचे उपकार मी मानते. म्हातारीचे तर मानतेच. तिच्यापाशी बसून मी जे शिकले ते कुठल्या पुडीवर छापलेलं नव्हतं. नानांचे मानते, की माझी चूक त्यांनी मी सांगितली तशीच छापली, एक शब्द मऊ न करता.

आणि बाईंचे. युद्ध सुरू झालं तेव्हा त्यांना परत बोलावलं. जाताना त्यांनी नव्या बाईंना माझ्याबद्दल सांगितलं की ही आधी माहीत नाही म्हणेल, मग माहिती काढून आणेल, तेव्हा थोडा धीर धरा. एवढीच माझी ओळख करून दिली त्यांनी. पंधराव्या वर्षापासून लोक माझी ओळख एकाच शब्दात करून द्यायचे, आणि तो शब्द तुझ्यापुढे मी लिहीत नाही. बाईंनी दुसरी ओळख दिली, आणि पुढे लोक तीच धरून बोलायला लागले. छापखान्यात मी आत जाऊन बसायला लागले. नानांनी माझ्यासाठी एक स्टूल आणलं. ह्याबद्दल मी रोज देवापुढे दिवा लावताना हात जोडते.

आता तुझं काम तू कर. तुझे साहेब मोठे असतील, वर्तमानपत्रंही मोठी असतील. तुला कुणी काही विचारलं आणि बरं वाटावं म्हणून ओठावर काही यायला लागलं, तर क्षणभर गप्प राहा. तेवढं पुरतं.

बाकी पुष्कळ सांगायचं राहिलं आहे. पाटलांची ती मुलगी मोठी झाली तेव्हाचं, आणि तुझ्या आजोबांनी त्या करपलेल्या भाकऱ्यांवरून मला किती वर्षं चिडवलं तेही. पण ते कागदावर मावायचं नाही, आणि माझे डोळेही आता दमतात. सुट्टी किती आहे ते साहेबांना उद्याच विचार, आणि निघ. जळगावला उतरलीस की पहूरची मोटार मिळते. दारात बसलेली असेन. फार वाट बघायला लावू नको, लवकर ये.